पुरात बुडालेलं पंपहाऊस: काय धुतलं, काय बदललं आणि का

पार्श्वभूमी

हे प्रकरण नदीकाठच्या एका पंपहाऊसचं आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. या पंपहाऊसमधून एका वस्तीच्या जलशुद्धीकरण केंद्राला कच्चं पाणी जायचं आणि त्या वस्तीला पाण्याचा दुसरा स्रोत नव्हता.

जमिनीखालच्या कोरड्या विहिरीत (पंप बसवण्यासाठी बांधलेल्या, एरवी पाणी नसलेल्या खोल खड्ड्यात) ७५ किलोवॅटच्या चार मोटरी पंपांना जोडून बसवलेल्या होत्या. त्यांच्यावर, जमिनीच्या पातळीवरच्या खोलीत मुख्य पॅनेल होतं. त्यात मध्यावर इनकमरचा, म्हणजे येणाऱ्या मुख्य सप्लायचा, एअर सर्किट ब्रेकर आणि खालच्या कप्प्यांत फीडरचे, म्हणजे एकेका मोटरीकडे जाणाऱ्या वाटांचे, एमसीसीबी (बंद साच्यातले मोल्डेड केस ब्रेकर), मोटर चालू-बंद करणारे कॉन्टॅक्टर, जादा भार आला की मोटर थांबवणारे ओव्हरलोड रिले आणि कॅपॅसिटर बँक. दोन मोटरी साध्या स्टार-डेल्टा स्टार्टरवर चालत आणि दोन व्हीएफडीवर, म्हणजे मोटरीचा वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हवर. त्यातला एक ड्राइव्ह जमिनीवर उभा होता, दुसरा भिंतीवर उंच लावलेला. बाहेर ओट्यावर तेलाचा ट्रान्सफॉर्मर.

पुराचं पाणी विहीर पूर्ण भरून वर खोलीत शिरलं आणि कमरेच्या वर चढलं. ते साधारण दीड दिवस राहिलं. पाणी गोडं होतं, पण स्वच्छ मुळीच नव्हतं. नदीचा गाळ होता, वरच्या अंगाकडून आलेलं सांडपाणी होतं. पाणी ओसरल्यावर पॅनेलच्या खालच्या कप्प्यांत बोटभर चिखल बसलेला होता.

पहिला निर्णय: काहीही चालू करायचं नाही

वस्तीत पाणी बंद. वरून दर तासाला फोन. अशा वेळी सगळ्यात मोठा मोह असतो तो ‘एक पंप तरी लावून बघू’ हा. तो आवरला, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं निम्मं नुकसान तिथेच वाचलं. भिजलेली मोटर धुऊन-वाळवून बहुतेक वेळा परत मिळते. तीच ओली असताना सप्लाय दिला तर वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) जमिनीशी शॉर्ट होऊन जळते, आणि मग दुरुस्ती की बदल हा प्रश्नच उरत नाही. पुरानं न मारलेली यंत्रं घाईत मारली जातात, हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे.

खोलीत पाय ठेवण्याआधी ट्रान्सफॉर्मरला वीज येते त्या बाजूने सप्लाय तोडला आणि तिथे कुलूप घालून फलक लावला. जनरेटरचा चेंजओव्हर वेगळा उघडून ठेवला, कारण तिकडून कुणी सप्लाय उलटा सोडला तर मुख्य स्विच बंद असूनही बसबार (पॅनेलमध्ये वीज वाटणाऱ्या पट्ट्या) जिवंत होतात. कंट्रोल सप्लायच्या बॅटऱ्या सोडवल्या. कॅपॅसिटर बँक डिस्चार्ज करून शॉर्ट केली. ड्राइव्हमधल्या डीसी कॅपॅसिटरमध्येही चार्ज असू शकतो, म्हणून त्यांच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज मोजूनच पुढे हात लावला.

मग नोंदी. प्रत्येक कप्प्यावर, प्रत्येक मोटरीवर पाण्याची रेषा मार्करने आखली, नेमप्लेटसह फोटो काढले. हे काम कारकुनी वाटतं, पण पुढचे कितीतरी वाद त्या रेषेनेच मिटवले. चार दिवसांनी चिखल पुसला गेला की अमुक रिले पाण्याखाली होता की नुसता दमट झाला होता, हे कुणालाच खात्रीने सांगता येत नाही.

दुसरा निर्णय: आधी पाण्याची सोय

बैठकीत सुरुवातीला दोनच पर्याय मांडले गेले. देखभालीच्या लोकांचं म्हणणं, सगळं धुऊन वाळवून चालू करू. व्यवस्थापनातल्या काहींचं म्हणणं, विमा आहे, तर सगळं नवं घेऊ. पहिल्या पर्यायात वेळ वाचत होता, दुसऱ्यात जबाबदारी. पण नवं पॅनेल तयार होऊन यायला कित्येक आठवडे लागणार होते, आणि ‘सगळं धुऊ’ म्हणणाऱ्यांच्या यादीत ब्रेकरही होते.

खरी अडचण अशी होती की दोन्ही बाजू घड्याळाकडे बघून बोलत होत्या. म्हणून विजेचा विषय बाजूला ठेवून आधी भाड्याचा डिझेल पंपसेट आणला, तो उंच जागी ठेवून त्याची पाइपलाइन मुख्य वाहिनीला जोडली. पूर्ण पुरवठा नाही, पण दिवसाआड पाणी सुरू झालं. या डिझेल पंपाचा खर्च नंतर काहींना खटकला. मला विचाराल तर तो सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च होता. पाणी सुरू होताच बैठकीचा सूर बदलला आणि एकेका वस्तूबद्दल शांतपणे बोलता आलं.

तिथून तिसरा पर्याय पुढे आला: सरसकट निर्णय नाही, प्रत्येक उपकरणाला तीन प्रश्न. ते उघडून आतपर्यंत धुता येतं का? वाळल्यावर ते ठीक आहे हे चाचणीने सिद्ध करता येतं का? आणि आपला अंदाज चुकला तर काय होईल: नुसतं बंद पडेल, की माणूस दगावेल? तिन्ही उत्तरं समाधानकारक असतील तरच दुरुस्ती.

मोटरी

चारपैकी दोन मोटरी लगेच उचलल्या. बाकीच्या दोन विम्याचे सर्व्हेअर येईपर्यंत जागच्या हलवायच्या नाहीत असं ठरलं आणि त्या जवळपास आठवडाभर तशाच राहिल्या. या फरकाचे परिणाम पुढे दिसले.

पहिल्या दोन मोटरी वाइंडिंगच्या कारखान्यात उघडल्या. रोटर (फिरणारा भाग) बाहेर काढला, स्टेटर (वाइंडिंग असलेला स्थिर भाग) गोड्या स्वच्छ पाण्याने धुतला. पाण्याचा जोर मुद्दाम कमी ठेवला, कारण प्रेशर जेटने गाळ स्लॉटमध्ये, म्हणजे कॉइल बसतात त्या खाचांत, आणखी आत घुसतो आणि इन्सुलेशनला इजा होते. निथळणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुणं चालू होतं. धुण्याआधी वाळवायची घाई करू नये, हे इथे आवर्जून सांगायला हवं. गाळ ओला आहे तोवर तो निघतो. वाळला की कॉइलच्या फटींत घट्ट बसतो, आणि हवा लागल्यावर गंज वेगाने धरतो.

मग भट्टी. साधारण ९० अंश सेल्सिअसला १२ ते १६ तास आणि त्यानंतर १०५ अंशांना ६ ते ८ तास, ही मोटर उत्पादकांच्या पुस्तिकांत आढळणारी पद्धत वापरली. ड्रेन होलचे प्लग काढलेले. दर तासाला ५०० व्होल्ट डीसीच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने, रीडिंग.

ही रीडिंग वाचताना तिथल्या तरुण तंत्रज्ञाचा धीर सुटला होता. भट्टीत घालताना पहिल्या मोटरीचं इन्सुलेशन ०.४ मेगओहम होतं. तापू लागल्यावर ते वाढायच्या ऐवजी आणखी खाली, जवळजवळ शून्याला टेकलं. “साहेब, ही गेली. रिवाइंडिंगला काढू का?” असा त्याचा फोन आला. त्याला थांबवलं. गरम इन्सुलेशनचा रोध कमीच दिसतो, शिवाय आतला ओलावा या टप्प्यात हलत असतो. आकडा आधी पडतो, काही तास तळाशी रेंगाळतो, मग चढायला लागतो आणि चढून स्थिरावला की मोटर वाळली असं समजायचं. तसंच झालं. ९० अंशांवर ३ मेगओहमवर तो स्थिर झाला.

३ हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. पण तापमान १० अंशांनी वाढलं की इन्सुलेशन रोध साधारण निम्मा होतो. म्हणजे ९० अंशांचं रीडिंग ४० अंशांवर आणायचं तर पाच वेळा दुप्पट करायचं, ३२ पट. हिशेब जवळपास ९६ मेगओहमवर जातो. आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेच्या ४३ क्रमांकाच्या मानकात या प्रकारच्या कमी व्होल्टेजच्या वाइंडिंगसाठी ४० अंशांवर किमान ५ मेगओहम अपेक्षित आहेत. थंड झाल्यावर पुन्हा मोजून खात्री केली आणि दहा मिनिटांच्या व एका मिनिटाच्या रीडिंगचं गुणोत्तर, म्हणजे पोलरायझेशन इंडेक्स, २ च्या वर आहे हेही पाहिलं.

मेगर फक्त वाइंडिंग आणि बॉडी यांच्यातलं इन्सुलेशन सांगतो. एकाच कॉइलच्या दोन वेढ्यांमधलं इन्सुलेशन गेलं असेल तर त्याला ते कळत नाही. म्हणून सर्ज टेस्टचा, म्हणजे व्होल्टेजचे झटके देऊन हेच इन्सुलेशन तपासण्याचा, आग्रह धरला. त्यानंतर वार्निशचा हात देऊन पुन्हा भाजणी. बेअरिंग तपासत बसलो नाही, सगळी नवी घातली. पाणी शिरलेल्या बेअरिंगमधलं ग्रीस पांढुरकं होतं आणि गाळाचे कण राहतातच.

उशिरा उचललेल्या दोन मोटरींची गोष्ट वेगळी. तिसरीतला गाळ वाळून कडक झाला होता, धुण्याला दुप्पट वेळ लागला. चाचण्यांत ती पास झाली, पण काठावर. चौथी मोटर याआधीच दोनदा रिवाइंड झालेली आणि जुनी, कमी कार्यक्षमतेची होती. तिच्यावर पुन्हा खर्च करायचा नाही असं ठरलं. विहिरीतला निचऱ्याचा पंप आणि एक्झॉस्ट फॅन यांच्या छोट्या मोटरींवर तर चर्चाही झाली नाही. धुणं, भाजणी, बेअरिंग, ने-आण यांचा खर्च जवळपास नव्या मोटरीइतकाच होत होता.

पॅनेल आणि ब्रेकर

सगळ्यात मोठा वाद इथे झाला. एमसीसीबी बाहेरून धुऊन, हवा मारून, उन्हात ठेवलेले होते. चालू-बंद होत होते, टेस्टचं बटण दाबलं की ट्रिपही होत होते. तिथले ज्येष्ठ वायरमन म्हणाले, “साहेब, हेच ब्रेकर मागच्या पुरातही भिजले होते. वाळवले, बसवले, आजवर चालले.”

“चालले काका. पण त्यातला एक तरी शॉर्टसर्किटवर ट्रिप झालाय का?”

ते थोडा वेळ गप्प राहिले. तशी वेळच आली नव्हती. मग त्यांच्याच पुढाकाराने एक ब्रेकर फोडायचं ठरलं. खालच्या कप्प्यातला, बाहेरून सगळ्यात स्वच्छ दिसणारा निवडला आणि रिव्हेट ड्रिल करून खोलला. आर्क (संपर्क तुटताना उडणारी ठिणगी) विझवणाऱ्या पट्ट्यांच्या मधल्या फटींत पिठासारखा बारीक गाळ बसला होता. यंत्रणेतल्या वंगणाचा चिखल झाला होता आणि ट्रिप करणाऱ्या एका दांडीवर गंजाची लाली चढायला लागली होती. काकांनी बोटाने ते वंगण पुसून पाहिलं आणि “सगळे काढा” एवढंच म्हणाले.

एमसीसीबी कारखान्यात बंद करूनच येतो, तो उघडून दुरुस्त करण्यासाठी बनवलेला नसतो. टेस्टचं बटण ट्रिप यंत्रणा हलते एवढंच दाखवतं. हजारो अँपिअरचा दोषप्रवाह आला तर तो वेळेत आणि सुरक्षित तुटेल की नाही, हे साइटवर सिद्ध करायचा मार्ग नाही. मोटर बिघडली तर ती थांबते आणि आपल्याला कळतं. ब्रेकर बिघडला तर तो तसाच बसून राहतो, आणि कळतं ते आग लागल्यावर. अमेरिकेतल्या विद्युत उपकरण उत्पादकांच्या नेमा या संघटनेचं मार्गदर्शनही हेच सांगते: पाण्यात गेलेले मोल्डेड केस ब्रेकर आणि फ्यूज बदलावेत, मोटरी आणि मोठे पॉवर ब्रेकर मात्र उत्पादकाशी बोलून, प्रशिक्षित माणसांकडून नीट करून घेता येऊ शकतात.

त्यानुसार इनकमरचा एअर सर्किट ब्रेकर उत्पादकाच्या सर्व्हिस केंद्रात गेला. तो पूर्ण खुलतो, त्याचे संपर्क आणि आर्क विझवणारे कप्पे (आर्क चूट) बदलता येतात, आणि तिथे त्याची चाचणी होऊ शकते. त्याचं इलेक्ट्रॉनिक ट्रिप युनिट मात्र नवं घेतलं. ओव्हरलोड रिले, कॉन्टॅक्टर, फ्यूज, कॅपॅसिटर बदलले. कॉन्टॅक्टर सोडवून धुता आले असते, पण त्या मापाचे नवे लगेच मिळत होते, मग मेहनत घेण्यात अर्थ नव्हता. तांब्याचे बसबार साफ करून ठेवले. त्यांना धरून ठेवणारे इन्सुलेटर बदलले, कारण गाळाचा थर वाळल्यावर त्यावरून विजेला वाट मिळते आणि पृष्ठभाग हळूहळू जळत जातो.

बसबार आणि सांगाडा ठेवायचा की पॅनेलच नवं करायचं, यावर पुन्हा विचार झाला. कागदावर दुरुस्ती स्वस्त होती. पण दुरुस्त पॅनेल त्याच खोलीत, त्याच उंचीवर बसणार, म्हणजे पुढच्या पुरात पुन्हा बुडणार. दुरुस्ती आणि बदल यांची तुलना करताना हा मुद्दा बहुधा निसटतो. शेवटी दोन टप्पे ठरले: जुन्या सांगाड्यात नवे ब्रेकर घालून तात्पुरतं चालवायचं, आणि पूररेषेच्या वर उचललेल्या मजल्यासाठी नव्या पॅनेलची ऑर्डर लगेच द्यायची. आता घेतलेले ब्रेकर तिकडे वापरता येतील अशाच मापाचे घेतले.

ड्राइव्ह

जमिनीवरच्या ड्राइव्हचा फक्त पंखा आणि खालचा पॉवर भाग पाण्यात गेला होता, कंट्रोल कार्ड कोरडं होतं. त्यामुळे जीव तुटत होता, कारण तो महागडा आणि तसा नवाच होता. तरी तो बदलला. पॉवर मॉड्यूलखाली आणि डीसी कॅपॅसिटरच्या बुडाशी गाळ गेला होता, आणि तिथे धुऊन पूर्ण स्वच्छ झालं हे दाखवणारी चाचणी आमच्याकडे नव्हती. कोरडं कार्ड सुटा भाग म्हणून ठेवलं. भिंतीवरच्या ड्राइव्हला पाणी लागलं नव्हतं. तो उघडून आत बाष्प साचलेलं नाही हे पाहिलं, खोलीत हीटर लावून काही दिवस कोरडा ठेवला आणि वापरात घेतला. बुडालेल्या बॅटऱ्या बदलल्या.

ट्रान्सफॉर्मर

टाकीला पाणी लागलं होतं, बुशिंग (तारा जोडायचे इन्सुलेटर) पाण्याच्या वर होते. वरवर पाहता काळजीचं काही नव्हतं. पण मार्करची रेषा ब्रीदरच्या, म्हणजे आत जाणारी हवा सिलिका जेलने कोरडी करणाऱ्या डब्याच्या, वरून गेली होती, म्हणजे श्वासाच्या वाटेने पाणी आत गेलं असण्याची शक्यता होती. तेलाचा नमुना तळाच्या व्हॉल्व्हमधून घेतला, कारण पाणी तेलापेक्षा जड असतं आणि खाली बसतं. वरून घेतलेला नमुना हमखास चांगला दिसला असता. २.५ मिलिमीटर अंतरावर तेलाची ब्रेकडाउन चाचणी, म्हणजे किती व्होल्टेजला तेलातून ठिणगी पडते याची चाचणी केली, तर २४ केव्हीच (किलोव्होल्ट) आली. व्हॅक्यूमखाली तेल गरम करून फिल्टर केलं, ब्रीदर आणि सिलिका जेल बदललं, आणि ६० केव्हीच्या वर रीडिंग आल्यावर वाइंडिंगचे इन्सुलेशन रोध मोजून तो मान्य केला. इथे दुरुस्तीचा निर्णय सोपा होता, फक्त नमुना योग्य जागेवरून घ्यायला हवा होता.

केबल

आर्मर्ड पॉवर केबलच्या अंगाला पाण्याची भीती नव्हती, टोकांना होती. पॅनेलच्या तळाशी उघडी टोकं बुडाली की पाणी तारांच्या पेडांमधून आत चढतं. जिथे ढिलाई, म्हणजे केबलची जादा लांबी, होती तिथे काळपट पडलेला भाग कापून कोरडं, चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे गेलो आणि नवे लग (टोकाला दाबून बसवायच्या टोप्या) लावले. ढिलाई नव्हती तिथे ती लांबी बदलली. कंट्रोलच्या जुन्या मल्टिकोर केबल सरसकट टाकल्या, एकेक कोर तपासण्यात गेलेला वेळ भरून निघाला नसता.

निकाल

पहिल्या दोन मोटरी दुरुस्त पॅनेलवर सुरू झाल्या तेव्हा डिझेल पंप काढला नाही, पूर्ण भाराखाली थर्मल कॅमेऱ्याने सांधे तपासून झाल्यावरच तो परत पाठवला. एका फीडरचा सांधा गरम दिसला, तो बोल्ट सैल राहिल्यामुळे. महिन्याला एकदा सगळ्या मोटरींचं मेगर रीडिंग घेऊन तक्ता भरायला सुरुवात झाली.

त्या तक्त्यात तिसरी मोटर दिसली. पहिल्या दोघींचे आकडे स्थिर होते, हिचे दर महिन्याला थोडे उतरत होते. ती बंद पडायची वाट न पाहता कमी मागणीच्या काळात काढून रिवाइंड केली. वाइंडिंग काढल्यावर स्लॉटच्या तळाशी वाळलेला गाळ सापडला, तो धुण्यात सुटला नव्हता. चौथ्या मोटरीच्या जागी पाण्याखाली चालणारा सबमर्सिबल पंपसेट घेतला, कारण कोरड्या विहिरीतली मोटर उंच उचलता येत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सर्व्हेअरची वाट बघण्यात दोन मोटरींचा आठवडा गेला, तो वाचवता आला असता. विमा कंपनीशी आधीच लेखी ठरवून ठेवता येतं की पाण्याची रेषा, नेमप्लेट आणि स्थितीचे फोटो काढून मोटरी धुवायला हलवल्या तर चालेल. अशी परवानगी आपत्तीच्या दिवशी फोनवर मिळवणं कठीण जातं. कोरड्या दिवसांत एका पत्राचं काम आहे.

पुराआधीची मेगर रीडिंग कुठेच नव्हती. त्यामुळे तिसऱ्या मोटरीचा काठावरचा आकडा पुराचा की वयाचा, हे सांगता येईना. ती आधीची नोंद असती तर मी तिला त्याच वेळी रिवाइंडिंगला पाठवायचा सल्ला दिला असता.

भट्टीचाही विचार आधी व्हायला हवा होता. पुरात एकच ठिकाण बुडत नाही, वाइंडिंगच्या कारखान्यात सगळ्यांच्या मोटरी एकाच वेळी येतात आणि रांग लागते. भट्टी मिळेपर्यंत मोटर निदान धुऊन ठेवता येते, आणि धुण्यासाठी लागणारं स्वच्छ पाणी पुरानंतर सगळ्यात दुर्मीळ असतं, म्हणून त्याचा एक टँकर आधीच राखून ठेवण्याचं आता तिथल्या आपत्ती आराखड्यात लिहिलं आहे. त्याच आराखड्यात फीडरच्या मापाचे दोन सुटे एमसीसीबी, भाड्याच्या डिझेल पंपाचा करार आणि पाणी अमुक खुणेला पोचलं की कोणता स्विच कुणी काढायचा याची यादी आहे. ती खूण खोलीच्या भिंतीवर रंगवली आहे, पॅनेलच्या तळापेक्षा हातभर खाली.